खांड बुजवण्याआधी

ठकूबाई बांधावर उभी राहून शिव्या द्यायला लागली की खाडीतले बगळे उठून पलीकडच्या तिराला जाऊन बसतात, असं कोंडखारात म्हणत. म्हणणारे बहुतेक तिच्या शिव्या खाल्लेले, तेव्हा थोडं तिखट-मीठ लावलेलं धरून चला. पण त्या वर्षी, भादव्याच्या अवसेला, बांध फुटल्याची हाळी आली तेव्हा तिच्या तोंडून एक शब्द फुटला नाही. डोक्यावरचा गवताचा भारा तिनं वाटेतच टाकला, पदर खोचला आणि ती पळत सुटली. बांध फुटला होता तो बरोबर तिच्या तुकड्यासमोर.

कोंडखार म्हणजे महाडच्या खाली, दासगावच्याही पुढं, सावित्रीची खाडी होते त्या अंगाचं गाव. एका बाजूला कुणब्यांची घरं, दुसऱ्या बाजूला मुसलमान मोहल्ला, आणि दोघांच्याही पुढ्यात एकच मातीचा बांध. बांधाच्या अलीकडं भात, पलीकडं खारं पाणी. बांध आहे म्हणून गाव आहे. बांधाला भगदाड पडलं की त्याला म्हणायचं खांड, आणि खांड पडली की जोळ निघायचा. जोळ म्हणजे घरटी एक माणूस, हातातलं काम टाकून चिखलात. बोलवायला कुणी जात नाही, आणि जो येत नाही त्याच्या खांडीला पुढं कुणी जात नाही. ओहोटीचा जेवढा वेळ मिळेल तेवढ्यात मेढी ठोकून, पेंढा दाबून, चिखलाचे गोळे रचून भगदाड बुजवायचं. एका भरतीचं पाणी भात कसंबसं सोसतं. दुसरी भरती शिरली की पीक गेलं, आणि जमीन धुवून निघेपर्यंत पुढचे दोन-तीन पावसाळे तिथं धड गवतही उगवत नाही.

ठकूबाईला हे कुणी सांगायला नको होतं. मागं याच जागी खांड पडली होती, तेव्हापासून तीन पावसाळे तिनं दुसऱ्यांच्या शेतात लावणी-कापणी करून लोकांच्या घरचा तांदूळ शिजवला होता. नवरा त्याआधीच वारला होता. तिचं म्हणावं असं काय, तर चंद्री म्हैस आणि हा खाजणातला, बांधाआडच्या खाऱ्या जमिनीतला, तुकडा. यंदा कुठं भात पहिल्यांदा असं तरारून ओंबीवर आलं होतं. संध्याकाळी ती नुसतीच शेताकडं बघत बांधावर बसायची. दुसरं काही काम नसताना ठकूबाई बसलेली दिसणं, हीच मुळात गावाला नवलाची गोष्ट होती.

ओहोटी लागली तसा जोळ भिडला. पुढारी महिपती, ठकूबाईचा चुलत सासरा, सत्तरी उलटलेला पण आवाज असा की चिखलातला माणूस दचकून ताठ व्हावा. मोहल्ल्यातून दिलावर आपला पडाव, रेतीची मोठी होडी, घेऊन आला आणि त्यातल्या मेढी त्यानं खांदा देऊन उतरवल्या. दिलावर कुवेतहून परत आलेला. आता खाडीत त्याच्या दोन बोटी होत्या, रेती ओढणारे पंप लावलेल्या. त्याला बघितल्यावर मात्र ठकूबाईचं तोंड सुटलं.

"तुज्या पंपानं बांधाचं बूड पोखरलं मेल्या, आणि आता मेढी घेऊन येतोस!"

"वैनी, आधी बुजवू. मग रातभर शिव्या दे. मी बसून ऐकतो."

दिवस कलायला आला तेव्हा बोटभर फट उरली. शेवटचा गोळा मात्र जोळ घालत नाही, तो घालायचा ज्याच्या शेतासमोर खांड पडली त्यानं. आत एक नारळ ठेवायचा आणि वर स्वतःच्या शेतातला चिखल. ठकूबाईनं नारळ ठेवला, दोन्ही हातांनी चिखल दाबला. तेवढ्यात पाठीमागं शेताच्या बाजूला कुणीतरी मोठा सुस्कारा टाकला, असं तिला वाटलं. दमला असेल म्हातारा, म्हणून तिनं मागं वळूनही बघितलं नाही. महिपती तेव्हा तिच्या समोर, खाडीच्या बाजूला उभा होता. ते तिच्या ध्यानात आलं दुसऱ्या दिवशी.

बांधातल्या उघाडीतून, म्हणजे ओहोटीला उघडणाऱ्या झडपेतून, शेतातलं पाणी रात्रीत खाडीत उतरलं. वर पावसाची एक जोरकस सर येऊन गेली, त्यामुळं भातावरचा खार धुतला गेला. सकाळी ठकूबाईनं घरात घट बसवला, त्याच्यासाठी माती आपल्याच शेतातली आणली, आणि देवीपुढं हात जोडून मोठ्यानं म्हणाली, "वाचवलंस गो बाय." तेवढ्यात दारात कमरजहाँ. दिलावरची आई. चालून धाप लागलेली, ओढणी खांद्यावरून घसरलेली.

"ठकू, चल आधी. तुज्या शेतात कोन तरी श्वास घेतंय."

"काय बोलतेस चाची?"

"मी काय येडी हाय? चल तर."

खांडीतून पाणी आत कोसळतं तिथं जमिनीला मोठा खड्डा पडतो. तसा तो पडला होता, परसाएवढा, आणि उघाडीच्या तोंडापेक्षा खोल असल्यानं त्यातलं पाणी तिथंच राहिलं होतं. दोघी काठावर उभ्या राहिल्या. पाणी गढूळ आणि गप्प. मग मधोमध ते फुगलं, एक करडी पाठ वर आली, पाठीवर उंचवटा आणि त्याच्यावर छोटंसं पर, आणि फूऽऽस करून तिनं असा श्वास सोडला की दोघींच्या तोंडावर तुषार उडाले. कोमट होते ते तुषार. ठकूबाईनं गालाला हात लावून पाहिला आणि तिला आठवलं की काल संध्याकाळी आपण हेच ऐकलं होतं.

तिनं आयुष्यभर मासे धरले होते, खवले काढले होते, पण तिच्या तोंडावर श्वास सोडणारं पाण्यातलं काही तिनं पाहिलं नव्हतं.

तासाभरात अख्खा गाव बांधावर. महिपतीनं डोळ्यांवर हात धरून बघितलं आणि त्याचा तो आवाज एकदम खाली उतरला. "गादा हाय," तो म्हणाला. "माजा आजा सांगायचा. गलबतं महाडपर्यंत जायची तवा हे सोबतीला यायचे, भरतीबरोबर वर आणि ओहोटीबरोबर खाली. मला वाटायचं, म्हातारा फेकतोय."

कुणब्यांच्या चार बायका हळद-कुंकू घेऊन आल्या, म्हणाल्या, घट बसायच्या दिवशीच आली, देवीच ही. कुणीतरी हळूच बोललं की गाद्याचं तेल सांध्यांना चांगलं. ठकूबाईनं त्याच्याकडं नुसतं बघितलं, तसा तो गर्दीत मागं सरकला. तरी खरं सांगायचं तर तिच्या पोटात भीतीच जास्त होती. हा एवढा जीव इथंच मेला, कुजला तर? पोलीस येतील, जंगलखातं येईल, आणि बोट दाखवतील ते तिच्याच शेताकडं.

"कुनाचा कोन, आणि मरायला माजंच शेत मिळालं काय रे!" ती ओरडली. "काढा तिला भायेर."

पण काढायची कुठून? उघाडीतून म्हशीचं रेडकूही जायचं नाही. शेवटी ठरलं की जाळ्यात घेऊन बांधावर ओढायची आणि भरतीला पलीकडं लोटायची. दिलावरनं जाडं जाळं आणलं, दहा-बारा जण कमरेएवढ्या पाण्यात उतरले. एका दोराला ठकूबाईही होती, तिचं शेत म्हटल्यावर ती काठावर थोडीच थांबणार! जाळं आवळलं गेलं आणि मग जे झालं ते बघून बांधावरची पोरं रडायला लागली. त्या जिवानं एकच उसळी घेतली. तीन माणसं पाण्याखाली गेली. जाळं कातडीत रुतलं, करड्या अंगावर लाल रेघ उमटली, आणि एक बारीक, ताणलेली शीळ ऐकू आली. ती कानानं ऐकली की पायाला कळली, हे नंतर कुणाला नीट सांगता आलं नाही.

ठकूबाई तिच्या सगळ्यात जवळ होती. उताणी झालेली ती क्षणभर तिच्या हातावर टेकली. रबरासारखी गुळगुळीत, आणि गरम. पोटाच्या खालच्या अंगाला दोन चिरा होत्या, आणि त्यांतून पांढरं काहीतरी पाण्यात सुटलं, धुरासारखं पसरलं. ठकूबाईनं म्हशी पाळण्यात जन्म घालवला होता. तिला ते दुसऱ्यांदा बघावं लागलं नाही.

"सोडा!" ती किंचाळली. "दोर सोडा रे मेल्यांनो! बाळंतीण हाय ती!"

दोर सुटले. बांधावरचे एकमेकांकडं बघायला लागले. मासा दूध देतो? हळद-कुंकूवाल्या बायकांतली एक पुटपुटली, "देवीच गो." ठकूबाई काठावर चढली आणि फणकाऱ्यानं म्हणाली, "देवी नाय. सांगितलं ना, बाळंतीण हाय."

मग साहजिकच सगळ्यांच्या मनात एकच प्रश्न आला, आणि त्याचं उत्तर दुपारच्या भरतीनं आणलं. बांधाच्या पलीकडं, पाणी मातीला लागलं त्या जागी, एक गडद करडं पिल्लू वर आलं. पडवीतल्या बाकाएवढं. फुस, एवढासा श्वास. बांधाला अंग घासत ते इकडून तिकडं जाई, पुन्हा परत येई, जिथं काल खांड होती तिथं तोंड लावून थांबे. आत, खड्ड्यात, आई त्याच जागेकडं तोंड करून थांबली होती. दोघांच्या मध्ये होता तो कोंडखारच्या जोळानं आजवर बुजवलेल्यातला सगळ्यात घट्ट बांध. त्याच्यावर बसलेला शेवटचा गोळा ठकूबाईच्या हातचा होता. तिला तिथं उभं राहवेना, ती घरी निघून आली.

दिलावरनं महाडला जाऊन जंगलखात्यात कळवलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं वीर स्टेशनवर उतरून, तिथून रिक्षानं आणि पुढं चिखलातून चपला हातात घेऊन, खात्यानं धाडलेली एक मुलगी आली. प्रियदर्शिनी तिचं नाव. पुण्याची, पण दोन वर्षं खाडीच्या मुखाशी राहून याच प्राण्यांचा अभ्यास करत होती. ती काठावर बसून पाण्याकडं बघत राहिली. गादा वर आली तसा तिनं त्या जखमेचा अंदाज घेतला, म्हणाली, "भरून येईल. जाळं सोडलंत ते फार बरं केलंत." मग डोळे पुसून हसली. "हिच्या पराला मागं खाच आहे, बघा. मी हिला ओळखते. गेल्या वर्षी हिचं पहिलं पिल्लू मेलं. जाळ्यात अडकून."

लोक हळूहळू तिच्याभोवती बसले. तिनं सांगितलं ते साध्या बोलीत सांगितलं. हा डॉल्फिन आहे, मासा नाही, तुमच्याआमच्यासारखा जीव आहे. किनाऱ्यालगत राहतो, म्हणून माणसाचं सगळं यालाच आधी लागतं. जाळी लागतात, कारखान्यांचं पाणी लागतं, आणि पंपांचा आवाज लागतो, कारण गढूळ पाण्यात ही आवाज सोडून त्याच्या उलट येण्यावर वाट ओळखते; पंप चालू असला की तिला काही ऐकूच येत नाही, म्हणजे आंधळीच. कायद्यानं वाघाला जे रक्षण आहे तेच हिला आहे, पण वाघाचे फोटो छापून येतात, ही वर्षाकाठी चार-दोन मरून किनाऱ्याला लागते आणि कुणी विचारत नाही. एक पिल्लू जगलं की दुसरं व्हायला तीन वर्षं लागतात. ती हे सांगत होती तेव्हा जाळीवाले जाळ्यांकडं, पंपवाले खाडीकडं आणि कारखान्यात कामाला जाणारे आपल्या पायांकडं बघत होते.

"पिल्लू किती तग धरेल?" दिलावरनं विचारलं.

"दुधावर आहे ते. उद्यापर्यंत, फार तर परवा. आणि उधाण ओसरून भांगाचं, कमी भरतीचं, पाणी लागलं की इथवर त्याला येताच येणार नाही."

"मग करायचं काय, ताई?"

"उचलून न्यायची तर क्रेन हवी, आणि या बांधावर सायकल येत नाही. पुन्हा ओढली तर ती मरेल." ती थांबली. "बांध उघडला तर भरतीला ती आपली आपण जाईल. पण ते मी सांगू शकत नाही. भात कुणाचं आहे ते मला कळलंय."

सगळ्यांच्या माना ठकूबाईकडं वळल्या. महिपती काठी टेकत उठला.

"फुटलेली खांड जोळ बुजवतो," तो म्हणाला. "आपल्या हातानं कापलेली नाय. माज्या बापजाद्यांत बांधाला कुनी फावडं लावलं नाय. उद्या ठकू कापील, परवा दुसरा कुनी मासळीसाठी कापील. जीव माजाही तुटतो. पन कापलीस तर तुजी तू बुजव."

म्हातारा दुष्ट नव्हता हो. त्याच्या खांद्यावर अख्ख्या गावाचं भात होतं. ठकूबाईलाही ते समजत होतं, म्हणून तर तिला त्याच्यावर धड रागावताही येईना. एकटीनं खांड बुजवायची म्हणजे ओंजळीनं खाडी अडवायची. तुकडा कायमचा खाडीच्या घशात.

"माज्याकडं काय बघताय सगळे?" ती उसळली. "मी काय तिला बोलावलं होतं? तीन वरसं मी दुसऱ्याचं शिजवलं, तवा कुनी आलं होतं वाघाचा कायदा घेऊन?" आणि ती तरातरा निघाली.  

संध्याकाळी ती चंद्रीला पिळायला बसली. चंद्रीची एक खोड होती, रेडकू सोडल्याशिवाय ती पान्हा घालायची नाही. ठकूबाईनं आज मुद्दाम रेडकू सोडलं नाही. कासेला हात घातला, कुरवाळलं, दटावलं. चंद्री मान वळवून खुंटाला बांधलेल्या रेडकाकडं बघत राहिली आणि तिनं थेंब दिला नाही. लांबवर दिलावरचे पंप धडधडत होते. त्या धडधडीत ते पिल्लू कुठं असेल, त्याला आई ऐकू येत असेल का, असं मनात आलं आणि ठकूबाईच्या हातून चरवी गळाली.

"माजं भात जाईल गो चंद्रे," ती म्हशीच्या पोटाला डोकं टेकून रडली. "समदं जाईल." बराच वेळ रडली. मग उठून तिनं रेडकाचं दावं सोडलं.

दुसऱ्या दिवशी, तिजेला, भरती चढायला लागली तशी ती फावडं घेऊन बांधावर आली. कमरजहाँ तिथं आधीच बसलेली होती, शेजारी दिलावर; मागून एकेक करत गावही आलं.

"माज्या हातानं कोंडली, माज्या हातानं सोडीन," ठकूबाई म्हणाली, कुणी विचारलं नव्हतं तरी. "मामंजींना सांगा, जोळाला मी बोलावनार नाय."

दिलावर उठला. होडी ढकलून तो खाडीत गेला, आपल्या दोन्ही बोटींवर चढला आणि पंप बंद केले. मग दुसऱ्यांच्या बोटींकडं वळला. लांबून त्याचे हातवारे दिसत होते, कुठं विनवणी, कुठं सरळ भांडण. एकेक धडधड थांबत गेली. शेवटचा पंप बंद पडला आणि खाडी गप्प झाली. कोंडखारच्या लोकांनी कित्येक वर्षांत ती अशी ऐकली नव्हती. चिखलात खेकडे चालल्याचा आवाज येत होता. आणि मग आतून एक श्वास आला. लगेच बाहेरून, अगदी बारीक, दुसरा.

ठकूबाईनं पहिला घाव घातला तो शेवटच्या गोळ्यावर. तो निघाला, त्याच्यामागून तिचा नारळ निघाला, गडगडत शेतात गेला. दुसरा, तिसरा घाव. आता पाण्यालाच कळलं. ते आधी करंगळीएवढं आलं, मग हाताएवढं, मग मेढीच उपटून घेऊन आत कोसळलं. ठकूबाई बाजूला उडी मारून उभी राहिली. पाणी भातात शिरताना तिनं बघितलं. ओंब्या एका अंगाला कलंडल्या, बुडाल्या, पुन्हा वर आल्या. कमरजहाँनं तिचा हात घट्ट धरून ठेवला होता.

गादा जागची हलेना. एवढं पाणी अंगावर येत असताना ती खड्ड्याच्या तळाशी जाऊन बसली. "घाबरलीय," प्रियदर्शिनी कुजबुजली. "पाणी स्थिर होऊ द्या. कुणी बोलू नका." गावानं तोंडावर हात ठेवले. आतलं आणि बाहेरचं पाणी एका पातळीला आलं, भरती चढायची थांबली. अन् बाहेर जायची ती राहिली बाजूला, पिल्लूच आत आलं.

खांडीतून ते सरळ आत शिरलं, एकदा दोनदा चुकलं, आणि मग आईला जाऊन भिडलं. ती एका कुशीवर झाली. भाताच्या ओंब्या पाण्यावर डोलत होत्या, आणि त्या ओंब्यांच्या मधोमध, ठकूबाईच्या शेतात, ते पिल्लू दूध पीत होतं. थोडं प्यायचं, वर येऊन श्वास घ्यायचं, पुन्हा खाली जायचं. बांधावर कुणबी होते, मुसलमान होते, पंप बंद करून चरफडत आलेले बोटवाले होते. कुणी टोपी काढली, कुणी हात जोडले, कुणी ओठांतल्या ओठांत दुआ म्हटली. दिलावर कुवेतला सात वर्षं होता, समुद्रावरच होता. तो लहान मुलासारखा तोंड उघडं टाकून उभा होता. ठकूबाईला आपण काय गमावलंय ते नीट माहीत होतं. तरी तिच्या छातीत काहीतरी इतकं भरून आलं होतं की त्या घटकेला तिला भात आठवलं नाही.

ओहोटीनं पहिली ओढ घेतली. आईनं अंग वळवलं, पिल्लू तिच्या पाठीशी लागलं. खांडीपाशी ठकूबाई छातीएवढ्या पाण्यात उभी होती, उखडलेल्या मेढी बाजूला धरून. गादा तिच्या इतक्या जवळून गेली की पाण्याचा लोट ठकूबाईच्या पोटाला लागला. एक डोळा वर आला, काळा, ओला. त्यानं तिच्याकडं बघितलं. मग फूऽऽस, पुन्हा तो कोमट शिडकावा तोंडावर, आणि दोघं खाडीत. मधल्या धारेला ती एकदा वर आली, पिल्लू दोनदा. आंबेतच्या दिशेनं लांब जाईपर्यंत लोक बघत होते.

त्यानंतर माणसं पांगली. ठकूबाई राहिली. पाणी खांडीच्या खाली उतरल्यावर तिनं शेतातला चिखल पाटीत भरला आणि एकटीनं पहिला गोळा टाकला. तो वाहून गेला. दुसरा टाकला. तोही गेला. ती तिसरा भरत होती, तर पलीकडून पडावाचं नाक बांधाला लागलं. दिलावर होता, मेढी आणि रेतीच्या गोणी घेऊन. "जोळ म्हणून नाय आलो," तो खाली मान घालून म्हणाला. "पंप आता बांधापासून लांब नेतो, वैनी." त्याच्यामागं कमरजहाँ, डोक्यावर पेंढ्याचा भारा. काठावर चपला काढून, सलवार वर खोचून प्रियदर्शिनी उतरली आणि गुडघ्यापर्यंत रुतली. चौघांनी किती बुजणार होतं! तरी ती बुजवत राहिली.

"अगो, गोळा असा टाकतात?"

तो आवाज ऐकून चौघंही दचकून ताठ झाली. महिपती बांधावर उभा होता, आणि त्याच्यामागं घरटी एक माणूस. म्हातारा खाली उतरला, ठकूबाईच्या हातातली पाटी त्यानं हिसकावून घेतली.

"मामंजी, खांड कापलेली हाय," ती म्हणाली.

"माहीत हाय. म्हातारा झालोय, आंधळा नाय. मीही बघत होतो तिथं." त्यानं चिखल दाबला.  "तुजं शेत पिकेपर्यंत तुज्या चुलीला जोळाचं भात. घरटी एक पायली. आता तोंड बंद कर आणि मेढ धर."

उभ्या जन्मात ठकूबाईनं कुणाचं ऐकून तोंड बंद केलं नव्हतं. त्या दिवशी केलं.

दिवेलागणीला बोटभर फट उरली. ठकूबाईनं नारळ घेतला, चिखलाचा गोळा उचलला आणि हात पुढं केला, तोच महिपतीनं तिचं मनगट धरलं. तो शेताकडं वळला आणि पाण्याकडं बघून हाळी दिली, "आत कोन हाय काय?"

कुणी हललं नाही. सगळा जोळ चिखलात तसाच, हातातले गोळे हातात घेऊन, कान देऊन उभा राहिला. पाण्यावर काही नव्हतं. तरीही म्हाताऱ्यानं हात सोडायला बराच वेळ लावला.

महिपती पुढं वारला. पंप नंतर आणखी आले, थोडे गेले, कारखान्यांच्या पाण्याबद्दल भांडणं अजून चालूच आहेत. ठकूबाईच्या तुकड्यात तिसऱ्या पावसाळ्यानंतर भात आलं, आणि तोवर तिनं जोळाचं शिजवलं. पण कोंडखारच्या बांधाला आजही कुठं खांड पडली, तर शेवटचा गोळा घालण्याआधी कुणीतरी शेताकडं तोंड करून विचारतं, आत कोण आहे का, आणि सगळे थांबतात. नवीन सुना विचारतात, हे कशाला? तेव्हा बाकीच्या बायका त्यांना गप्प बसायची खूण करतात, कारण त्या ऐकत असतात.